श्वेतप्रदर : समजुती, निदान व उपचार यांचा इतिहास

श्वेतप्रदर : स्त्रीच्या योनिमार्गातून होणारा, परंतु प्रमाण, रंग, वास वा घट्टपणा या दृष्टींनी नेहमीपेक्षा वेगळा असलेला रक्तेतर स्राव. बोलीभाषेत यास ‘अंगावरून पांढरे जाणे’, ‘पांढरे पाणी जाणे’ किंवा ‘धुपणी’ असे म्हणतात. श्वेतप्रदर हा एक स्वतंत्र रोग नसून अनेक भिन्न अवस्थांचे समान लक्षण आहे, ही गोष्ट वैद्यकास स्पष्टपणे उमगण्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतचा काळ लागला. ती रुग्ण स्त्रीपर्यंत पोहोचण्यास मात्र त्याहूनही अधिक विलंब झाला असून, महाराष्ट्रातील अनेक कष्टकरी स्त्रियांना या विलंबाची किंमत गर्भाशय गमावून द्यावी लागली आहे.

प्रौढ स्त्रीच्या योनिमार्गात थोडा स्राव नेहमीच असतो. योनिमार्गाच्या भित्तीतून पाझरणारा द्रव, गर्भाशयाच्या ग्रीवेतील ग्रंथींचा श्लेष्मा आणि गळून पडणाऱ्या उपकला-कोशिका यांचा तो बनलेला असतो. तो पाण्यासारखा स्वच्छ किंवा दुधट असून त्यास दुर्गंध नसतो व त्याने खाज सुटत नाही. दोन पाळ्यांच्या मध्यावर तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट व विपुल होतो. गरोदरपणात व कामोद्दीपनाच्या वेळीही वाढतो. अंडकोशातून स्रवणाऱ्या स्त्रीमदजन या प्रवर्तकामुळे योनिमार्गाच्या उपकलेत ग्लायकोजेन साठते, त्यापासून तेथील दंडाकार जंतू दुग्धाम्ल तयार करतात आणि त्यामुळे योनिमार्ग अम्लधर्मी राहून उपद्रवी जंतूंना तेथे थारा मिळत नाही. निरोगी अवस्थेत ही अम्लता पीएच मूल्याच्या परिभाषेत सामान्यतः ३·८ ते ४·५ एवढी असते. तक्रार घेऊन येणाऱ्या पुष्कळ स्त्रियांचा स्राव याच प्रकारचा असतो. त्यास औषधाची गरज नसते, समजावून सांगण्याची असते. साबणाच्या किंवा जंतुनाशकाच्या पाण्याने योनिमार्ग आतून धुण्याच्या सवयीने ही अम्लता बिघडते व नसलेला विकार उद्‌भवू शकतो.

प्राचीन भारतीय विचार : चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदांचे वर्णन असून सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही वीसच प्रकार मानले आहेत. चरकाच्या वर्णनातील दोन प्रकार येथे लक्षणीय आहेत. ‘अचरणा’ या प्रकारात योनी न धुतल्याने तेथे जंतू उत्पन्न होऊन कंडू निर्माण करतात, असे म्हटले आहे. ‘उपप्लुता’ हा प्रकार कफवर्धक आहारविहार करणाऱ्या गर्भिणीत उद्‌भवतो व त्यात पांढरा स्राव होतो. गरोदरपणात कवकजन्य योनिशोथ अधिक प्रमाणात आढळतो, ही आधुनिक वैद्यकाची नोंद या संदर्भात आठवते. तथापि, चरकाचे ‘जंतू’ म्हणजे आजचे सूक्ष्मजंतू असे समीकरण मांडणे युक्त नव्हे. सूक्ष्मदर्शकाविना केलेले ते काटेकोर निरीक्षण आहे, एवढेच म्हणता येईल आणि तेवढ्यानेही त्याचे मोल कमी होत नाही.

‘प्रदर’ हा शब्द मुळात अतिरिक्त रक्तस्रावाचा वाचक होता. ‘श्वेतप्रदर’ हे स्वतंत्र नाव उत्तरकालीन ग्रंथांत व टीकांत रूढ झाले. चिकित्सेत काढ्यांनी धावन, औषधी तेलात भिजविलेला पिचू, वर्ती, धूपन हे स्थानिक उपाय आणि लोध्र, अशोक इ. तुरट वनस्पती यांवर भर होता. चरकाने सांगितलेले पुष्यानुग चूर्ण मध व तंडुलोदकाबरोबर देतात. महाराष्ट्रातील घरगुती उपचारांत तांदळाच्या धुवणास आजही असलेले स्थान या परंपरेशी जुळणारे आहे. उपाय चालू राहिला, पण प्रकारांमधील भेद मागे पडला. ग्रंथातील वीस व्यापदांऐवजी लोकव्यवहारात एकच ‘पांढरे जाणे’ उरले आणि त्याचा खुलासा दोन कल्पनांनी होऊ लागला : एक, शरीरात वाढलेली उष्णता, दुसरी, शरीरातील धातू वा हाडांतील सत्त्व विरघळून वाहून जाणे. कंबरदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, थकवा या सर्वांचे मूळ मग त्या स्रावातच शोधले जाई. दिवसभर ओणवे राहून खुरपणी-लावणी करणाऱ्या, अपुरे अन्न खाणाऱ्या आणि पांडुरोगग्रस्त स्त्रियांच्या समाजात ही लक्षणे विपुल असणे स्वाभाविक होते; त्यांचे खरे कारण मात्र झाकले गेले.

तपासणीचा प्रश्न : योनिमार्ग व ग्रीवा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय या विकाराचे निदान पुढे जाऊ शकत नव्हते. अमेरिकन शल्यचिकित्सक जेम्स मॅरियन सिम्झ यांनी १८४० नंतरच्या दशकात अलाबामा राज्यात योनिदर्शकाचा वापर रूढ केला. त्यांच्या नावाचे हे उपकरण आजही भारतातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आढळते. त्यांच्या शस्त्रक्रियांचे प्रयोग गुलाम कृष्णवर्णी स्त्रियांवर, भूल न देता झाले होते, ही बाब अलीकडे वैद्यकाच्या इतिहासात आवर्जून नोंदली जाते. भारतात अडचण वेगळी होती. परपुरुषाकडून तपासणी करून घेण्यास येथील स्त्रिया तयार नसत. स्त्री-डॉक्टरांची निकड याच कारणाने मांडली गेली. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी संपादन केली. हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय सुरू झाले व तेथे स्त्री-डॉक्टरांनी काम पाहिले. दक्षिण महाराष्ट्रात विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरज येथे काढलेल्या मिशन रुग्णालयाची ख्याती सातारा-सांगली भागात व त्याबाहेरही पसरली. तथापि, फलटणसारख्या लहान संस्थानातील खेड्यापाड्यांत या सोयीचा अर्थ दूरचा प्रवास एवढाच होता आणि तो प्रवास बाळंतपण अडल्यावर केला जाई, पांढरे जाते म्हणून नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविलेल्या समाजस्वास्थ्य या मासिकातून जननेंद्रियांविषयी व गुप्तरोगांविषयी मराठीत उघडपणे लिहिले. त्याबद्दल त्यांना खटल्यांना तोंड द्यावे लागले, यावरून या विषयाभोवतीच्या संकोचाची तीव्रता कळून येते.

कारणांचा शोध : आल्फ्रेद दॉने या फ्रेंच वैद्याने १८३६ मध्ये पॅरिस येथे रुग्ण स्त्रियांच्या स्रावाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता त्यात शेपटासारख्या कशाभिकांच्या साह्याने हालचाल करणारा आदिजीव आढळला. हाच ट्रिकोमोनस व्हजायनॅलिस होय. शोध थोर होता, पण त्याचा अर्थ लावण्यात वैद्यक मागे पडले. पुढे दीर्घकाळ हा आदिजीव निरुपद्रवी सहनिवासी मानला गेला आणि विसाव्या शतकातच तो रोगकारक म्हणून मान्य झाला. संभोगाद्वारे संक्रामित होणाऱ्या या विकारात स्राव पिवळसर-हिरवट व फेसाळ असतो. १८४९ मध्ये इंग्लंडमध्ये जे. एस. विल्किन्सन यांनी योनिमार्गातील कवकाचे वर्णन केले. कँडिडा या कवकामुळे होणाऱ्या शोथात स्राव दह्याच्या कवड्यांसारखा असून खाज तीव्र असते. मधुमेह, गरोदरपण व प्रतिजैव पदार्थांचे सेवन यांनी तो बळावतो. आल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये परम्याचा जंतू ओळखला. १८९२ मध्ये जर्मन स्त्रीरोगतज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी दुग्धाम्ल निर्माण करणाऱ्या दंडाकार जंतूंचे वर्णन केले. योनिमार्गात जंतू असणे हाच रोग नव्हे, काही जंतू तेथे असलेच पाहिजेत, ही कल्पना त्यामुळे प्रथम प्रस्थापित झाली.

इतके होऊनही मोठ्या संख्येतील रुग्णांचे कारण अज्ञात राहिले व त्यास ‘अविशिष्ट योनिशोथ’ हे नाव देऊन वेळ निभावली जाई. नाव देणे म्हणजे निदान करणे नव्हे, हे त्या काळच्या पाठ्यपुस्तकांवरून चांगले दिसून येते. ही कोंडी १९५५ मध्ये अमेरिकेतील हर्मन गार्डनर व चार्ल्स ड्यूक्स यांनी फोडली. पातळ, करड्या रंगाच्या व माशासारखा वास येणाऱ्या स्रावात त्यांना एक सूक्ष्म जंतू विपुल आढळला. उपकला-कोशिकांच्या कडा या जंतूंनी झाकून अस्पष्ट झालेल्या दिसत. अशा कोशिका निदानाच्या सूचक ठरल्या. या जंतूचे वर्गीकरण अनेकदा बदलून १९८० मध्ये गार्डनरेला हे नाव स्थिर झाले. तो एकटाच रोग घडवितो, हे मूळ मत मात्र टिकले नाही. दुग्धाम्लजनक जंतूंचा ऱ्हास होऊन त्यांची जागा अनेक प्रकारचे, विशेषतः अवायुजीवी जंतू घेतात. म्हणजे हे परजंतूचे आक्रमण नसून तेथील जंतुसृष्टीचा समतोल ढळणे होय, असे आज मानतात. १९८३ मध्ये रिचर्ड ॲम्सेल व त्यांचे सहकारी यांनी चार कसोट्या सांगितल्या : एकजिनसी पातळ स्राव, ४·५ हून अधिक पीएच मूल्य, दाहक पोटॅशाचा थेंब टाकताच उठणारा माशासारखा वास आणि सूचक कोशिका. यांपैकी तीन आढळल्यास निदान निश्चित होते. एक सूक्ष्मदर्शक, लिटमससारख्या निर्देशक कागदाची पट्टी, मिठाच्या पाण्याचा थेंब व क्षाराची बाटली एवढ्या सामग्रीवर हे काम होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ट्रिकोमोनसाची हालचाल ताज्या थेंबातच दिसते, म्हणून नमुना दूरच्या प्रयोगशाळेकडे पाठविण्यापेक्षा जागीच पाहणे श्रेयस्कर ठरते.

औषधांचा इतिहास त्यामानाने थोडक्यात सांगता येतो. एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या अमेरिकन स्त्री-शास्त्रज्ञांनी १९५० मध्ये निस्टॅटीन हे कवकनाशक जाहीर केले. फ्रान्समध्ये तयार झालेले मेट्रोनिडॅझोल १९५९ च्या सुमारास ट्रिकोमोनसावर तोंडाने घेण्याचे पहिले खात्रीचे औषध म्हणून पुढे आले व पुढे अवायुजीवी जंतूंवरही गुणकारी ठरले. ट्रिकोमोनस, परमा व क्लॅमिडिया यांत पतीवर किंवा जोडीदारावरही उपचार करणे अत्यावश्यक असते, अन्यथा संक्रमण परतून येते. गार्डनरेलाशी निगडित विकारात तशी गरज नाही असे दीर्घकाळ मानले जाई. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत मात्र पुरुष जोडीदारावर एकाच वेळी उपचार केल्याने विकार उलटण्याचे प्रमाण घटल्याचे आढळले. कवकजन्य शोथात जोडीदारावर उपचार सामान्यतः लागत नाहीत.

गडचिरोलीची पाहणी : औषधे होती, निदानाच्या पद्धती होत्या, पण ग्रामीण स्त्रियांत हे विकार किती आहेत हे कोणास ठाऊक नव्हते. कुटुंबनियोजन व बाळंतपण यांपलीकडे स्त्रीआरोग्याचा विचार शासकीय योजनांत फारसा नव्हता. राणी व अभय बंग या डॉक्टर दांपत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये द लॅन्सेट या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक स्वरूपाचा एक तरी विकार आढळला. दर स्त्रीमागे सरासरी ३·६ विकार होते व त्यांतील निम्मे जननमार्गाच्या संक्रमणांचे होते. पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. यापेक्षाही बोलका आकडा वेगळाच आहे. केवळ ५५ टक्के स्त्रियांनी काही तक्रार सांगितली होती. उरलेल्या, स्वतःस निरोगी समजणाऱ्या स्त्रियांतही विकार होते. सोसणे हीच अवस्था इतकी नित्याची झाली होती, की तिची तक्रार होत नसे. या पाहणीने जागतिक पातळीवर धोरणाची दिशा बदलण्यास हातभार लावला. बंग दांपत्याने पुढे पांढऱ्या स्रावाविषयीच्या स्त्रियांच्या स्वतःच्या कल्पनांचीही नोंद केली.

गोव्यातील पाहणीने याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. विक्रम पटेल व सहकारी यांनी १८ ते ५० वयोगटातील २,४९४ स्त्रियांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००५ व २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. १४·५ टक्के स्त्रियांनी असामान्य स्रावाची तक्रार केली. जननमार्गाचे संक्रमण २८·३ टक्के स्त्रियांत आढळले, पण त्यातील बहुतांश जंतुसृष्टीच्या असमतोलाचे किंवा कवकाचे होते. संभोगजन्य संक्रमणे ४·२ टक्केच होती. स्रावाच्या तक्रारीचा संबंध संक्रमणापेक्षा मानसिक व सामाजिक ताणाशी अधिक दृढ दिसून आला. कारण विचारले असता स्त्रियांनी मानसिक ताण, अंगातील उष्णता व संक्रमण ही तिन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात सांगितली. गडचिरोली व गोवा यांचे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण तसे नाही. एकीकडे विकार असून तक्रार नाही, दुसरीकडे तक्रार आहे पण तिचे मूळ संक्रमणात नाही. दोन्हींकडे स्त्रीच्या सांगण्यावरून थेट औषध देणे अपुरे ठरते.

नेमकी हीच मर्यादा लक्षणाधारित उपचारपद्धतीची आहे. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी लक्षणसमूहावरून संभाव्य सर्व कारणांवर एकदम उपचार करावा, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिली. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात त्यासाठी रंगांकित औषधसंच ठरविले गेले. योनिस्रावासाठीच्या हिरव्या संचात सेक्निडॅझोल २ ग्रॅ. व फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅ. यांच्या एकमात्रा असतात. गरोदर स्त्रीस यातील फ्लुकोनॅझोल देत नाहीत. या पद्धतीने पुष्कळ स्त्रियांना एका भेटीत औषध मिळाले, परंतु क्लॅमिडिया व परमा यांचे ग्रीवेतील संक्रमण बहुधा लक्षणांविना राहते व ते तिच्या जाळ्यातून निसटते. सांगली येथे १९९२ पासून संग्राम या संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये निरोधाचा प्रसार केला. त्यात या स्त्रियांनीच कार्यकर्त्या म्हणून काम केले व आरोग्यकेंद्रात सन्मानाने वागविले जाण्याची मागणी लावून धरली.

कर्करोगाची भीती : दुर्गंधी, रक्तमिश्रित स्राव, संभोगानंतरचा वा पाळी कायमची थांबल्यानंतरचा रक्तस्राव ही गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात, अशा वेळी तपासणी टाळू नये. साधा पांढरा स्राव हे मात्र कर्करोगाचे पूर्वरूप नव्हे. हाराल्ट त्सुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये या कर्करोगात मानवी पॅपिलोमा व्हायरस दाखवून दिला. त्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक लाभले. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांवर १९९९ पासून झालेल्या चाचणीत या व्हायरसाची आयुष्यात एकदा केलेली तपासणीही ग्रीवा-कर्करोगाने होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटविते, असे २००९ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे कर्करोग टाळण्याचा गर्भाशय न काढताही साधणारा मार्ग महाराष्ट्रातील खेड्यांतच सिद्ध झाला होता.

ऊसतोड व गर्भाशय-शस्त्रक्रिया : नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर फलटण व माळशिरस तालुक्यांत ऊस वाढला. साखरवाडीचा कारखाना संस्थानी काळातील. पुढे सातारा-सांगलीत सहकारी कारखान्यांची रांग लागली. हा ऊस तोडण्यासाठी दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड व लगतच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेताना नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. काम चुकल्यास खाड्याचे पैसे कापले जातात. फडाशेजारच्या कोपीत न्हाणी नाही, संडास नाही, पाणी दुरून आणावयाचे. पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवावयाच्या. या परिस्थितीत जननमार्गाचे विकार व ओटीपोटातील दुखणी बळावतात आणि खाड्याच्या भीतीने उपचार हंगामानंतरवर ढकलले जातात. गावी परतल्यावर खाजगी दवाखान्यात पांढरे जाणे, कंबरदुखी किंवा अतिरिक्त रक्तस्राव यांवर ‘पिशवी काढणे’ हा एकमेव उपाय सांगितला गेल्याचे व कर्करोगाची भीती घातली गेल्याचे अनेक स्त्रियांनी नंतर सांगितले. वर्तमानपत्रांतून हा प्रश्न गाजल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे सुमारे एक. त्यांतील अनेक जणी चाळिशीच्या आतील होत्या.

वैद्यकीय दृष्ट्या हा उपाय रोगाच्या जागी लागू पडत नाही. जंतुसृष्टीचा असमतोल, कवक व ट्रिकोमोनस यांचे ठिकाण योनिमार्ग असून गर्भाशय काढल्यावर योनिमार्ग शिल्लकच राहतो, त्यामुळे स्राव पुन्हा होऊ शकतो. शस्त्रक्रियेत अंडकोशही काढल्यास स्त्रीमदजनाचा पुरवठा अकाली खंडित होऊन अंगात गरम वाफा येणे, योनिमार्गाचा कोरडेपणा व हाडांची झीज हे परिणाम उद्‌भवतात. पांढऱ्या पाण्यावाटे हाडे विरघळतात ही जुनी भीती निराधार होती. त्या भीतीपोटी करून घेतलेल्या शस्त्रक्रियेने मात्र काहींची हाडे खरोखरच ठिसूळ केली.

बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियांसाठी शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीची अट घालण्यात आली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली व ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तीन महिन्यांत अंमलात आणण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. ऊसतोडीच्या हंगामात मात्र ही स्त्री स्वतःच्या जिल्ह्यात नसते. फलटण, कराड किंवा वाळव्याच्या ज्या फडात ती सहा महिने राहते, तेथील उपकेंद्राच्या नोंदवहीत तिचे नाव नसते. योनिदर्शकाने एक तपासणी आणि सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब, एवढी सोय तिला तेथे मिळावयाची तर प्रथम ती नोंद व्हावी लागते.